ट्रॉलीच्या टायरवरचा आकडा

मी लिहिण्याचे धाडस करते आहे, पत्रमंडळातील मैत्रिणींनी क्षमा करावी.

आज धानाची पोती आणि त्यांवर बसलेल्या पाच बाया घेऊन आमची ट्रॉली कुरखेड्यास निघणार होती. काकांनी फाटलेल्या टायरऐवजी ट्रॅक्टरच्या पुढच्या चाकाचा जुना टायर बसवला होता. माप तेच, परंतु त्यावर आठ प्लाय, म्हणजे वजन पेलण्याच्या ताकदीचा आकडा, लिहिले होते, ट्रॉलीच्या दुसऱ्या टायरवर सोळा.

"काका, ह्याले एवढं वजन झेपणार नाई."

"हवा जास्त भरतो ना!"

"जास्त हवेनं ताकद वाढत नाई, टायर फुटते."

काका हसले. "उतरा बायांनो, मास्तरीण आली!"

मी हट्टच धरला म्हणून त्यांनी टायर काढला, तेव्हा आतल्या बाजूस लिंबाएवढा फुगवटा दिसला. हसणे थांबले. शेजाऱ्यांकडून सोळा प्लायचा टायर आणला, त्यावर लिहिली होती तेवढीच हवा भरली. बाया आत्ताच सुखरूप परतल्या.

मी जवळजवळ गप्पच राहणार होते. तुम्ही अशा वेळी बोलता का?

१२ नोव्हेंबर १९८६, दुपारी साडेचार.