आबांचं पान

मंडळी, आज सर्वपित्री अमावस्या. सयपाक केला, पितरांची पानं वाढली, अन् आबांच्या पानाशी हात थांबला.

आबा म्हणजे माहे चुलतआजोबा. लग्नाच्या वर्षीच इंझोरीहून महायुद्धात ब्रह्मदेशाकडे गेले, ते आलेच नाहीत. मेल्याची खबरही नाही. त्यांच्या बायकोनं, माह्या थोरल्या आजीनं, भाजीच्या वाडीत जन्म काढला, पण कुंकू पुसलं नाही. कोणी त्यांचं पान वाढलं की ओरडायची, "जित्या माणसाचं पान कायले वाढून राह्यले?"

मागल्या साली ती गेली, कुंकवासकट. म्हणून याच पंधरवड्यात अविधवा नवमीले, नवरा असताना गेलेल्या बायांच्या दिवशी, तिचं पान वाढलं.

आज आबांचं वाढलं, तर मीच तिले विधवा करीन. नाही वाढलं, तर त्यांची याद काढणारं माह्याशिवाय घरात कोणी नाही.

शेवटी त्यांचं पान कावळ्याले ठेवलं नाही. घरात पाट मांडला, तांब्या भरला, अन् लढाईवरून घरी आलेल्या माणसाले वाढावं तसं वाढलं. समोर बसून मी एकटाच जेवलो.

आता संध्याकाळ झाली. पान तसंच आहे. तुमी असते तर उचललं असतं काय?