चातुर्मासातलं पुडीचं सूप

लिमयांची ऋजुता आमच्या आळीत सून म्हणून आली तेव्हा तिला धड आमटीसुद्धा करता येत नव्हती. बँकेत नोकरी, नवरा जहाजावर, सासूबाई आधीच गेलेल्या. घरात ही आणि सासरे, गोपाळकृष्ण लिमये, म्हणजे आमचे अण्णा. शाळेतून निवृत्त झाले तरी बोलणं वर्गावरचंच. पोरगी मात्र हसरी. आमटी बिघडली की कुंपणावरून हाक मारायची, "काकू, आज तुमची वाटीभर द्या हो!" आणि मी मेली मुकाट द्यायची.

दोन हजार एकच्या श्रावणात अण्णांना टायफॉइड झाला. ताप उतरला, पण तोंडाची चव गेली ती गेलीच. पेज नको, मऊ भात-मेतकूट नको, माझं मुगाचं कढण तर वासानंच परत. डॉक्टर म्हणाले, "असंच चाललं तर दवाखान्यात नेऊन सलाईन लावावं लागेल." ऋजुताचं तोंड एवढंसं झालं. "हे तिकडे समुद्रात, आणि इथे अण्णांना काही झालं तर मी काय करू हो काकू?"

दुसऱ्या दिवशी बँकेतून येताना तिनं सूपची पुडी आणली. गाजर, फरसबी, थोडा कोबी बारीक चिरून कुकरला एक शिट्टी. पुडी आधी गार पाण्यात कालवायची, नाहीतर गुठळ्या होतात. मग ती भाज्यांत ओतून ढवळत राहायचं, उकळी आली की वरून मिरपूड. झालं! हा कसला स्वैपाक, म्हणून मी नाक मुरडलं. पण अण्णा वाटीभर प्यायले की!

मग रोज तेच. ही दाराशी उभी, खांद्यावरची पर्ससुद्धा न उतरवता, डोळे वाटीकडे. अण्णांचा शेवटचा घोट झाला की हिच्या जिवात जीव यायचा. हळूहळू ते ओटीवर येऊन बसायला लागले, पेपरातल्या शुद्धलेखनाच्या चुका काढायला लागले.

एकदा म्हटलं, बघू तरी काय जादू आहे ती. तिच्या स्वैपाकघरात शिरले. तिनं पुडी फोडली आणि भस्सकन वास आला.

"अगो बाई! ऋजुता, ह्यात कांदा-लसूण आहे की!"

माझा आवाज चार घरं ऐकतात. आणि अण्णांचा चातुर्मास कसला कडक, ते अख्ख्या आळीला ठाऊक. बायकोच्या आजारपणातही त्यांनी तो मोडला नव्हता. ऋजुतानं बिचारीनं आषाढीच्या आधीच घरातले सगळे कांदे कामाच्या मालनला देऊन टाकले होते. पण पुडीतल्या पावडरीत कांदा असेल, हे तिच्या डोक्यातच आलं नाही. ती पांढरीफटक पडली. "आता ते काही म्हणजे काही खायचे नाहीत," म्हणाली आणि रडायलाच लागली. मला माझ्या तोंडाचा अस्सा राग आला!

ओटीवरून हाक आली, "ऋजुता, इकडे ये."

तिच्यामागून मीही गेले. "अण्णा, तिला खरंच माहीत नव्हतं हो..."

"तुम्ही गप्प बसा," मला म्हणाले. मग तिच्याकडे वळले. "मला नाक आहे. पहिल्याच दिवशी कळलं होतं."

"मग... प्यायलात कशाला?"

अण्णांनी चष्मा काढून पुसला. "तू दारात उभी होतीस. इतकी वाट बघणारं माणूस समोर असताना नको कसं म्हणू गो? नियम काय, पुढच्या वर्षी पुन्हा धरीन."

ऋजुता तिथेच खाली बसून हुंदके द्यायला लागली. माझेही डोळे वाहायला लागले.

"तुम्ही कशाला रडताय?" अण्णा माझ्यावर खेकसले. "तुम्हालाही हवंय का?"

"हवंय," मी म्हटलं.

चातुर्मास माझाही होता. वाटीभर प्यायले.