तिसऱ्या पायरीची विहीर

या लेखात गावाचं नाव नाही. दिग्रसपर्यंतचा रस्ता सांगते, कुठे काय खावं तेही सांगते, पण दिग्रसच्या पुढचं माझ्याकडून काही कळणार नाही. दर लेखाखाली "नीट पत्ता द्या ना" लिहिणाऱ्यांनी रागवायचं तर खुशाल रागवावं.

फेब्रुवारीच्या शेवटी शरीफभाईंचा फोन आला. शरीफभाई दिग्रसचे. आसपासच्या खेड्यांतल्या विहिरींवरचे पंप दुरुस्त करतात. तीन वर्षांपूर्वी त्यांनीच मला मोटारसायकलवरून तिकडच्या जुन्या विहिरी दाखवल्या होत्या. फोनवर त्यांनी ख्यालीखुशालीसुद्धा विचारली नाही. "म्याडम, थे तुमची विहीर गेली," एवढंच म्हणाले.

"गेली म्हणजे?"

"गेली म्हंजे गेली. येऊन पाहून जा."

ब्लॉगच्या जुन्या वाचकांना ती विहीर आठवत असेल. तीन घरांची सामायिक, चौकोनी, दगडात बांधलेली, आत उतरायला पायऱ्या. भर मे महिन्यात मी तिच्या पाण्यात पाय सोडून बसले होते. त्यावर लिहिलेला लेख तुम्ही डोक्यावर घेतलात, एका वर्तमानपत्राच्या रविवारच्या पुरवणीतही तो छापून आला आणि मी महिनाभर हवेत होते. आता शरीफभाईंच्या फोनचं सांगितल्यावर नवऱ्याने विचारलं, "कोरड्या विहिरीत बघायचं काय?" प्रश्न बरोबर होता, म्हणूनच मला त्याचा राग आला. दुसऱ्याच दिवशी तिकीट काढलं.

पुण्याहून जायचं तर रेल्वेने धामणगावला उतरावं, तिथून यवतमाळला एसटी भरपूर आहेत. एसटीत माझ्या शेजारी पिशवीत खताची पावती आणि औषधाच्या गोळ्या घेऊन एक गृहस्थ बसले होते. त्यांनी मला नीट न्याहाळलं. "पेपरवाल्या का सर्वेवाल्या?" या वर्षांत बाहेरून येणारं माणूस दोन्हींपैकी एक असतंच. कापसाची दैना बघायला गाड्या येतात, फोटो काढतात, जातात. मी म्हटलं, दोन्ही नाही, विहिरी बघायला आलेय. ते म्हणाले, "आता? उन्हायाच्या तोंडावर?" मग खिडकीकडे तोंड करून झोपले.

यवतमाळच्या स्टँडबाहेर तर्री-पोहे खावेत. स्वस्त, झणझणीत, डोळ्यांतून पाणी काढणारे. दारव्ह्यावरून दिग्रसची बस पकडली तर डावीकडची खिडकी धरा. पळस इतका फुलला होता की दोन-तीनदा मी कॅमेरा काढला आणि परत आत ठेवला, कारण पळसाच्या खाली जे होतं ते फोटोत यायला नको होतं. शेतंच्या शेतं नुसती उभी पऱ्हाटी, वाळलेली, बोंडात अडकलेला मळका कापूस वाऱ्यावर हलतोय. दिग्रसला लॉज बरा मिळतो. मात्र नळाला पाणी सकाळी थोडा वेळच येतं, बादल्या तेव्हाच भरून ठेवा.

सकाळी शरीफभाई आले. दाढी पांढरी झालेली. वाटेत मी विचारलं, धंदा कसा आहे? ते म्हणाले, "मोटार जळली तं लोक मले बोलावते. पानी जळलं तं कोनाले बोलावतीन?"

त्या विहिरीची गोष्ट आधी सांगायला हवी, नाहीतर काय गेलं ते कळणार नाही. या भागात काळी माती वर दिसते तेवढीच, खाली मुरूम आणि मग पाषाण. पाणी पाषाणाच्या भेगांमधून झिरपत येतं, घाई केलेली त्याला चालत नाही. ही विहीर खणली तेव्हा मोट होती. बैल धावेवरून, म्हणजे विहिरीलगतच्या उतारावरून, खाली जायचे, चामड्याची मोट वर येऊन दगडी कुंडीत रिकामी व्हायची. तीन घरांच्या पाळ्या होत्या. धावेवरच्या कडुनिंबाची सावली कुंडीच्या दगडाला टेकली की एका घराने बैल सोडायचे आणि दुसऱ्याने जुंपायचे. पुढे तेलावरचं इंजिन आलं, मग विजेची मोटार. मोटार दोन तासांत विहीर उपसून टाकू लागली तेव्हा तिन्ही घरांनी बसून नियम केला. वरून तिसऱ्या पायरीवर गेरूचा पट्टा ओढला. पट्टा पाण्याबाहेर दिसला की ज्याची पाळी असेल त्याने मोटार बंद करायची, मग त्याची मिरची सुकत असो नाहीतर गहू. कौसल्याकाकूंनी हे मला मागच्या वेळी सांगितलं होतं. त्या तीन घरांतल्या मधल्या घरच्या, साठीच्या, विहिरीलगतच्या तुकड्यात मेथी-वांगी लावून बाजारला नेणाऱ्या.

आणखी एक गोष्ट त्यांनी तेव्हा सांगितली होती. "पानी किती हाये म्हून बाहेरच्यानं इचारलं, तं आमी 'हाये तेवढं' म्हनतो. जास्त सांगत नाही." मला ती गंमत वाटली. केवढी गोड अंधश्रद्धा, असं मी लेखात लिहिलं. आणि त्याच्याच खाली गावाच्या नावासकट लिहिलं, "ही विहीर भर उन्हाळ्यातही कधी आटत नाही."

शरीफभाईंनी गाडी थेट धावेपाशी थांबवली. मी आत डोकावले. तिसरी पायरी दिसत होती, दहावी दिसत होती, शेवटचीही दिसत होती. तळाला एक फुटकं घमेलं, चपलेचा जोड आणि पळसाची पानं पडलेली. गेरूचा पट्टा अजून तसाच होता. खरं सांगायचं तर वाईट वाटायच्या आधी मला लाज वाटली. कशाची, ते तेव्हा कळलं नव्हतं.

तेवढ्यात काकूंचा चुलतपुतण्या गजानन आला. तिसऱ्या घराचा. हसत आला, हात जोडले, घरी घेऊन गेला. चून-भाकर, म्हणजे आपलं पिठलं-भाकरी, आणि लाल मिरचीचा ठेचा वाढला. जेवताना तो म्हणाला, "म्याडम, तुमच्यामुळं तं हिंमत केली." मला कळेना. त्याने भिंतीवरून एक फ्रेम काढून माझ्या हातात दिली. माझा पुरवणीतला लेख होता. "कधी आटत नाही" या वाक्याखाली निळ्या पेनने रेघ मारलेली.

दोन वर्षं लागोपाठ त्याचा कापूस पावसाने दगा दिल्यावर करपला होता. महागाचं बियाणं, दुबार पेरणी, आणि बोंडं भरायच्या वेळेला आभाळ कोरडं. त्याच्या पाळीचं पाणी तेवढ्या कपाशीला पुरत नव्हतं. बोअरचा विषय निघाला की बाकीच्या दोन घरांतले 'हाये तेवढं' म्हणून उठायचे. "मंग हे पेपरात आलं. शिकलेल्या मान्सानं लिवलं म्हंजे खालती पानी असनच ना?" त्याने विहिरीपासून तीस पावलांवर बोअर मारला. पाण्याचं कारंजं उडालं, गाव बघायला आला, त्याने नारळ फोडला. त्या हंगामात कपाशी खरंच हिरवीगार झाली. उन्हाळ्यात विहिरीचे झरे बंद पडले. पुढच्या वर्षी बोअरमधून आधी गढूळ पाणी आलं, मग नुसती हवा.

"पट्टा नव्हता का पाळायचा?" मी विचारलं. माझ्या आवाजात मास्तरीण आली होती.

तो वैतागला नाही. "बोअरले पायऱ्या कुठी असते, म्याडम?"

 भाकरी ताटात तशीच राहिली. त्याला दोष द्यायला मी कोण? तो कापूस वाचवत होता. फ्रेम त्याने फडक्याने पुसली आणि पुन्हा खिळ्याला अडकवली. एवढं होऊनही.

काकू घरी नव्हत्या. हातपंपावर भेटल्या, पितळी गुंड म्हणजे घागर घेऊन रांगेत. मेथीच्या तुकड्यात आता काही नव्हतं, त्या दुसऱ्यांच्या शेतात कापूस वेचायला जात होत्या. मला ओळखलं, पण 'या' म्हणाल्या नाहीत. मीच पुढे झाले. म्हटलं, काकू, माझी चूक झाली. मी लिहायला नको होतं.

"म्या तुमाले सांगतलं होतं," त्या म्हणाल्या.

"हो. आता यावर मी एक अक्षर लिहिणार नाही."

त्यांनी पंपाच्या दांड्यावर पूर्ण भार टाकला. "काहून? लिवा ना आता. पायऱ्या मोजून लिवा. आता कायले भेता?" मग गुंड भरला, तो उचलून कमरेवर घेतला आणि निघून गेल्या. मला प्यायला पाणी विचारलं नाही. इतक्या वर्षांच्या भटकंतीत, वऱ्हाडात तर कुठेच, असं झालं नव्हतं.

आम्ही दिग्रसकडे परत निघालो. एका वळणावर रस्त्याच्या कडेला हिरवा चौकोन दिसला. कांद्याचे वाफे, बांधावर केळीचे खुंट, बैल कुंडीत तोंड घालून पाणी पितायत आणि त्यांच्या मागे दगडी विहिरीचा काठ. मी शरीफभाईंच्या खांद्यावर हात मारला. "थांबवा, थांबवा! इथे विहीर आहे!"

त्यांनी गाडीचा वेग वाढवला.

"तिथं काही नाही, म्याडम."

"अहो, मी बघितली. बैल पाणी पीत होते."

"काही नाही तिथं," ते पुन्हा म्हणाले, आणि गाडी थेट स्टँडवरच थांबवली. उतरल्यावर माझी पिशवी मात्र स्वतः बसमध्ये नेऊन ठेवली. मला त्या माणसाचा भयंकर राग आला होता आणि त्याच्या जागी मी असते तर मीही थांबले नसते.

घरी येऊन जुना लेख उघडला. ते वाक्य खोडलं, गावाचं नाव खोडलं. उपयोग काय, गजाननच्या भिंतीवर ते निळ्या रेघेसकट आहेच. लेखाखाली मध्यंतरी नवे अभिप्राय आले होते. "किती सुंदर!", "नशीबवान आहात." एकाने लिहिलं होतं, आम्ही चार जण पुढच्या महिन्यात यवतमाळकडे निघालोय, दिग्रसच्या बाजूला जिवंत पाण्याची एखादी जुनी विहीर सांगा ना.

तो वळणावरचा हिरवा चौकोन मला आता डोळे मिटूनही दिसतो. कुठल्या फाट्यानंतर, कुठल्या हाताला, सगळं पाठ आहे.

मी उत्तर लिहिलं, "तिथं काही नाही."