चार मिलिमीटर आखूड पाय

दुसऱ्याच्या वस्तूंच्या बाबतीत आमच्या मामेभावाइतका दानशूर माणूस अख्ख्या अमिरातीत सापडणार नाही. शारजातल्या अल मजाजला आमच्या दोन मजले वर तो नऊ वर्षं राहिला. तेवढ्या काळात माझी शिडी, ड्रिल, इस्त्रीचं टेबल, सगळं त्याने परस्पर लोकांना देऊन टाकलं. मी मोजत होतो: अठरा वस्तू गेल्या, अकरा परत आल्या. एकदा आम्ही सुट्टीवरून परतलो, तर एसी बिघडलेलं एक मल्याळी कुटुंब आमच्याच बैठकीत इडल्या खात होतं, आणि त्यांनीच आम्हाला "या, बसा" म्हटलं. जाब विचारला की हा म्हणायचा, "दादा, घरातलंच आहे." कुणाच्या घरातलं, याचा खुलासा त्याने कधी केला नाही.

शूटिंगवाल्यांना जागा, माणसं आणि सामान मिळवून देणं हा त्याचा व्यवसाय. शारजा औद्योगिक क्षेत्रातल्या एका बंद गॅरेजमध्ये जर्मन मंडळी विनोदी चित्रपट करत होती. निवृत्त पोस्टमास्तराला वारशाने शारजातलं गॅरेज मिळतं आणि तो तिथल्या प्रत्येक वस्तूवरून पडतो, अशी एकंदर कथा. त्यांना एक डगमगणारं जुनं स्टूल हवं होतं.

तसं स्टूल आमच्या गॅलरीत होतं. बाबा या देशात आले त्या वर्षी त्यांनी पॅकिंगच्या फळ्यांतून ते स्वतः केलं. एक पाय चार मिलिमीटर आखूड राहिला, म्हणून मी त्याखाली पुठ्ठ्याची घडी ठेवत असे. बाबांना जाऊन तीन वर्षं झाली; त्यांच्या हातची एवढी एकच वस्तू माझ्याकडे उरली होती. एका शनिवारी बघतो तर स्टूल गायब, फरशीवर नुसती घडी. मुलगी म्हणाली, "काका टुक इट. बाबा, इट्स जस्ट अ स्टूल." मी गाडी काढली.

गॅरेजमध्ये शिरलो तेव्हा अकरावा टेक चालू होता. पोस्टमास्तर स्टुलासकट कोसळला. एक पाय तुटून माझ्या बुटापाशी येऊन पडला. कुणी हसलं नाही. दिग्दर्शक बाईंनी फक्त मान हलवली. मामेभावाला सगळ्यांसमोर काय काय बोललो, ते इथे लिहिण्यासारखं नाही. "आईवडील तरी तुझे स्वतःचे आहेत का, की तेही कुणाचे उचलून आणलेस?" हे वाक्य त्यातलं सौम्य.

सामान सांभाळणारा आडदांड जर्मन शांतपणे आम्हाला मागे घेऊन गेला. तिथे तशीच चार स्टुलं ओळीने उभी होती. त्याने सहा नकला केल्या होत्या: तोच रंग, तेच ओरखडे, ग्रीसचे तेच डाग. तीन स्टुलांचा आतापर्यंत चुराडा झाला होता. अस्सल स्टुलाखाली त्याने क्रमांकाची चिठ्ठी चिकटवली होती. ती कॅमेऱ्यात दिसते म्हणून आमच्या दानशूराने खरवडून काढली होती. म्हणजे बाबांचं स्टूल या चारात होतं, नाहीतर बाहेरच्या ढिगाऱ्यात.

मी गाडीतून व्हर्नियर आणला आणि सगळे पाय मोजले. चारही स्टुलांचा एकेक पाय बरोबर चार मिलिमीटर आखूड. जर्मन अभिमानाने म्हणाला, विनोदात पाच चालत नाहीत. त्याच्या कारागिरीचा इतका संताप आला की व्हर्नियर फेकावासा वाटला.

तेव्हा मामेभाऊ पुढे झाला. एकेका स्टुलावर बसून जरा डुलायचा आणि उठायचा. तिसऱ्यावर बसला, तो उठेचना. मांडीवर ताट असल्यासारखे हात धरून तो म्हणाला, "हे. नोकरी नव्हती तेव्हा आठ महिने यावर बसून जेवलोय मी. आतोबा म्हणायचे, डावीकडे झुकू नको, आमटी सांडेल."

त्या आठ महिन्यांत मी पुण्याला कॉलेजात होतो. बाबा घरी काय बोलायचे, मला ठाऊक नाही. त्या स्टुलावर मी कधी जेवलो नाही. फक्त त्याचा पाय मोजला होता.

तरी त्याच्याशी दोन महिने बोललो नाही. चूक ती चूक. चित्रपट पुढे घरी पाहिला. तो पडण्याचा प्रसंग तीन सेकंदांचा आहे आणि मला अजून हसू आलेलं नाही.

गेल्या वर्षी व्हिसा संपला आणि तो कायमचा सांगलीला गेला. बॅगा तोलायला नेलेला माझा वजनकाटा परत आला नाही, म्हणजे एकोणिसावी वस्तू. मी मागितलाही नाही. संध्याकाळी अधूनमधून चहाचा कप घेऊन त्या स्टुलावर बसतो. डावीकडे झुकलं की चहा हिंदकळतो. पुठ्ठ्याची घडी आता ठेवत नाही.