पाण्याच्या पुढे एक मुक्काम

प्रेमदास कालव्यावर चौकीदार म्हणून लागले आणि चौकीदार म्हणूनच निवृत्त झाले. मग लेकीनं, जागृतीनं, गिअरची सायकल घेऊन दिली आणि या गृहस्थांना वेडच लागलं. मागे तंबू बांधायचा, एखादी नदी धरायची आणि निघायचं. वर्धा, वेणा, धाम, सगळ्यांच्या काठी मुक्काम झाले. राहिला तो त्यांचा स्वतःचाच कालवा.

त्याला कारण होतं. कालव्याच्या अगदी शेवटी रुख्माबाईंचं शेत. त्या दर हिवाळ्यात चौकीवर यायच्या आणि विचारायच्या, "भाऊ, पानी आमच्यापर्यंत काऊन नाई येत?" प्रेमदास दरवेळी म्हणायचे, "सोडलं हाय, येईनच." आपण खरं सांगत होतो की नुसती तोंडाला पानं पुसत होतो, हे त्यांना आजवर कळलं नव्हतं. त्यांची हद्द मधल्या पुलाशीच संपायची. यंदा कालव्याची डागडुजी झाली होती. गव्हाचं पहिलं पाणी पहाटे जुन्या चौकीशी पोचलं, तेव्हा ते सायकल घेऊन त्याच्यासोबत निघाले. आज काय तो सोक्षमोक्ष लागणार होता.

कोरड्या कालव्यात येणारं पाणी बघत बसावं असं असतं. काड्या, वाळकी पानं, फेस पुढे ढकलत ते सावकाश येतं, भेगांपाशी थबकतं, मुरतं, पुन्हा चालू लागतं. सायकल सारखी त्याच्या पुढे जायची. मग प्रेमदास पळसाखाली आडवे व्हायचे, डोळा लागायचा, आणि खळखळ कानावर आली की उठायचे. दोन्हीकडे हरभरा, वेचणीला आलेला कापूस, काठानं पाण्याबरोबर चालणारे बगळे. दुपारी तर त्यांना वाटलं, आपण जागचे हललोच नाही, शेतंच मागे वाहून चालली आहेत. एवढं सुख हाताशी असताना आपण इतकी वर्षं पुलावरून परत का फिरलो, याचा त्यांना रागच आला.

दिवस कलताना ते शेवटच्या शेतावर पोचले. पाणी बरंच मागे राहिलं होतं.

"जयभीम, भाऊ. सायकलीवर इकडं कुठं?" रुख्माबाईंनी विचारलं.

"पानी येऊन राह्यलं. त्याच्यासंगंच निघालो."

त्यांनी शेताकडे येणाऱ्या कोरड्या चारीकडे पाहिलं. भाकर आणि ठेचा दिला आणि घरी गेल्या.

वारा बोचरा होता. चारीत गुडघाभर मऊ गवत माजलेलं, दोन्ही अंगांनी मातीचा आडोसा. प्रेमदासांनी तिथंच तंबू ठोकला. इतकी छान जागा त्यांना एकाही नदीनं दिली नव्हती. पडल्या पडल्या झोप लागली.

उजाडताना पाठ गार पडली. दव असेल म्हणून ते कुशीवर वळले, तर कानात पाणी गेलं. धडपडत बाहेर आले ते घोटाभर पाण्यात. धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, रुख्माबाई उभ्या होत्या. हसत होत्या, आणि पदरानं डोळेही पुसत होत्या.

"मले भरोसा नव्हता, ते जाऊ द्या," त्या म्हणाल्या. "तुमालेबी नव्हता काय, भाऊ?"

प्रेमदासांनी भिजलेल्या अंथरुणाकडे पाहिलं. लाज वाटली.

"नव्हता," ते म्हणाले.

"मंग उचला तो तंबू. माह्या गव्हाचं पानी अडून राह्यलं."