भाषेचा रकाना

वाचनालयाच्या टेबलावरची काच सकाळी थंडगार असते, आणि तिच्यावर ठेवलेला फोन थरथरला की ती थरथर कानाआधी कोपराला कळते. खिडक्या अजून उघडलेल्या नसतात. कोंडून राहिलेल्या जुन्या कागदाचा किंचित आंबूस, किंचित गोड वास खोलीभर पसरलेला असतो, आणि त्या वासात आमच्या ग्रुपचा दिवस उजाडतो. धार आणि देवास जिल्ह्यांतल्या महाविद्यालयांत पुस्तकं सांभाळणाऱ्या आम्हा सगळ्यांचा हा ग्रुप; दोन-चार प्राचार्यही त्यात आहेत. कुणाची बदली झाली, कुणाचे वडील गेले, कुठली नियतकालिकं मोफत वाचायला खुली झाली, पुढचं ट्रेनिंग कुठे आहे, कुणाकडे एकाच पुस्तकाच्या जास्तीच्या प्रती पडून आहेत, सगळं इथेच कळतं. ग्रुप चालवतो मी. धारच्या एका महाविद्यालयात ग्रंथपाल म्हणून माझ्या आयुष्याचा मोठा तुकडा सरला आहे, आणि या ग्रुपमध्ये सगळे मला ‘सर’ म्हणतात, हे मला आवडत आलं आहे. ते आधीच सांगून टाकलेलं बरं.

आमच्यात एक रीत आहे. ती कुणी लिहून ठेवलेली नाही. जो बाहेर जाऊन काही शिकून येतो, त्याने ते अडवून ठेवायचं नाही. शेजारच्या गावांना बोलवायचं, पोहे-चहा करायचा आणि शिकवायचं. पुस्तकांचे गठ्ठेही असेच फिरतात. अमझेऱ्याचा गठ्ठा बसच्या कंडक्टरच्या हाती धारला येतो, धारचा इंदूरमार्गे देवासला जातो, आणि आजवर एकही हरवलेला नाही. तुटपुंज्या पगाराच्या, अंधाऱ्या खोल्यांत बसणाऱ्या आम्हा माणसांचं एवढंच वैभव आहे, की एकाजवळ आलेलं सगळ्यांजवळ पोहोचतं. या वाहत्या पाण्यात कुणी चिमूटभर विष टाकलं तर तेही तितक्याच निष्ठेने घरोघर पोहोचेल, हा विचार मला कधी शिवला नव्हता.

दोन वर्षांपूर्वी नवी संगणक-प्रणाली आली. भोपाळला जाऊन ती मी शिकलो आणि रीतीप्रमाणे देवासच्या एका महाविद्यालयाच्या सभागृहात सगळ्यांना शिकवली. तिचं मोठं सुख असं, की एका ग्रंथालयाने पुस्तकाची नोंद केली की तेच पुस्तक असणाऱ्या बाकीच्यांना ती जशीच्या तशी उचलता येते. नाव, लेखक, विषय, पुन्हा काही टंकावं लागत नाही. या नोंदीत एक रकाना भाषेचा. तिथे यादीतून भाषा निवडायची. मी फळ्यावर लिहिलं: मुखपृष्ठावर देवनागरी दिसली की हिंदी निवडा आणि पुढे चला.

दुसऱ्या रांगेतून कुंदाताईंनी हात वर केला. त्या त्याच महाविद्यालयात सहायक होत्या. संविदेवर, म्हणजे दर वर्षी नव्याने सही होणाऱ्या करारावर. तिथे मागच्या खोलीत मराठी पुस्तकांची कपाटं आहेत. संस्थानी दरबारच्या काळात देवासला आलेल्या मराठी कुटुंबांनी पिढ्यान्‌पिढ्या दिलेली ती पुस्तकं. त्या विभागासाठी मराठी वाचणारं माणूस हवं, एवढ्याच कारणावर कुंदाताईंची जागा टिकून होती.

“सर, यादीत मराठी पण आहे की. माझ्या कपाटांचं काय?”

“आत्ता हिंदीच टाका, ताई. नंतर बघू.”

“नंतर म्हणजे कधी, भिया? हमारे यहाँ नंतर कभी आता नहीं,” त्या माळवी ढंगात म्हणाल्या, आणि सभागृह हसलं. मीही हसलो.

मी तसं का सांगितलं? महाविद्यालयांची तपासणी तोंडावर होती, काम लवकर उरकायचं होतं, हे खरं. पण त्याहून खरं कारण लाजिरवाणं आहे. सभागृहात बहुतेक सगळे हिंदीभाषक. मराठी पुस्तकं वेगळी काढा, असं त्यांना सांगायला उभा राहिलो असतो, तर हा मराठी माणूस आपलंच घोडं पुढे दामटतो आहे असं कुणाला वाटलं असतं. माळव्यात सहा पिढ्या राहून आम्ही एक कला आत्मसात केली आहे: आपली भाषा देवघरात सोवळ्यात ठेवायची आणि चौकात तिची ओळख द्यायची नाही. माझी मुलगी घरात ‘आत्याबाई’, ‘काकाजी’ म्हणते, मंगळागौरीची गाणी पाठ म्हणते. पण मराठी पान पुढे ठेवलं की अक्षरावर बोट ठेवून अडखळते. ते पाहून मी हळहळतो. आणि ज्या दिवशी तिच्या भाषेला एका रकान्यात जागा द्यायची होती, त्या दिवशी मी संकोचलो.

कुंदाताईंनी सांगितल्याप्रमाणे केलं. एकेक मराठी पुस्तक हातात घेऊन, त्याचं नाव नीट वाचून, त्याच्यापुढे ‘हिंदी’ निवडलं. त्या नोंदी धारने उचलल्या, अमझेऱ्याने उचलल्या, दूर दक्षिणेला डहीपर्यंत गेल्या. काम वेळेच्या आत झालं म्हणून ग्रुपवर माझ्या नावाने पुष्पगुच्छांची चित्रं आली.

यंदाच्या उन्हाळ्यात देवासच्या त्या महाविद्यालयाच्या समितीने संविदेच्या जागांचा आढावा घ्यायला भाषावार अहवाल मागवला. यंत्राने तो क्षणात दिला. मराठीच्या ओळीत काहीच नव्हतं. बैठकीच्या आठवडाभर आधी कुंदाताईंचा फोन आला, आणि मी देवासला गेलो.

देवासच्या टेकडीच्या पायथ्याशी, महाविद्यालयाच्या आवारात, ऊन नुसतं साचून राहिलं होतं. मागच्या खोलीत कुंदाताई स्टुलावर बसून कपाटाच्या काचा पुसत होत्या.

“या सर. बसा तुमच्या हिंदी पुस्तकांत.”

“प्राचार्यांना दाखवलंत का तुम्ही, प्रत्यक्ष?”

“दाखवलं ना. आले, उभे राहिले, एक पुस्तक उघडून पाहिलं. म्हणाले, मैडम, ये भी तो वही लिपि है, हिंदीवाले संभाल लेंगे.” त्यांनी फडकं पिळलं. “मी म्हटलं, संभाल तो लेंगे, पढ़ेगा कौन? तर म्हणे, अभी कौन पढ़ रहा है.”

मी जवळचं एक पुस्तक काढून त्याच्या मागची तारखांची चिठ्ठी पाहिली. शेवटचा शिक्का फार जुना होता.

“ते वाईट नाहीत हो,” कुंदाताई म्हणाल्या. “म्हणाले, ज्याने शिकवलं त्याने लिहून द्यावं की शिकवण्यातच चूक झाली. समितीपुढे ठेवतो. प्राचार्य तुमच्या ग्रुपमध्ये आहेतच. तिथे लिहिलंत तरी चालेल. चार ओळी, सर. तुमच्या नावाने.”

“बघतो,” मी म्हणालो.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. “नंतर बघू म्हणालात, आता बघतो म्हणता. तेवढी तरी प्रगती झाली.”

परतीच्या बसमध्ये मी त्या चार ओळी मनात रचत होतो. इंदूर येईपर्यंत त्या अगदी स्वच्छ होत्या, आणि धार जवळ येत गेलं तसतशा त्या मळू लागल्या. विभागीय प्रशिक्षक म्हणून माझं नाव त्याच सुमारास पुढे गेलं होतं. शिवाय मी चूक कबूल केली, तर दोन जिल्ह्यांतल्या प्रत्येकाला कपाटं पुन्हा उपसावी लागणार, आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत ती उपसताना प्रत्येक जण मला शिव्या देणार. शेवटी मी लिहिलं ते असं: काही ग्रंथालयांत तांत्रिक कारणाने भाषेच्या नोंदीत त्रुटी राहिल्याचं निदर्शनास आलं आहे, तरी सर्वांनी सवडीने तपासून घ्यावं. त्यात माझं नाव नव्हतं, देवास नव्हतं, मराठी हा शब्दही नव्हता. किती सुघड वाक्य होतं ते. भाषेवर प्रेम असल्याचं सांगणाऱ्या माणसाने भाषेचा याहून नीच उपयोग काय करावा? त्याखाली जोडलेल्या हातांची रांग लागली. त्यांत एक जोडी कुंदाताईंची होती.

बैठक झाली. मराठी विभाग हिंदीत विलीन झाला, मागची खोली संगणकांसाठी द्यायचं ठरलं आणि कुंदाताईंच्या करारावर पुढच्या वर्षाची सही झाली नाही. ही बातमीही ग्रुपवर आली, नेहमीच्या सजावटीने, निरोपाचा हार घातलेल्या कुंदाताईंच्या छायाचित्रासह. उज्ज्वल भविष्याच्या शुभेच्छा देणाऱ्यांना त्यांचं वय ठाऊक असेल का? नवरा कारखान्यातली नोकरी सुटून घरी बसलेला, हे ठाऊक असेल का? मला ठाऊक होतं, आणि शुभेच्छा मीही दिल्या.

त्यानंतर काही दिवसांनी मी ग्रुपवर खरा मजकूर लिहिला. काय शिकवलं, कुणी अडवलं होतं, का ऐकलं नाही, समितीच्या आधी मला काय मागितलं होतं आणि मी काय दिलं, सगळं लिहिलं. माझी नोंद दुरुस्त केली म्हणून तुमची होणार नाही, हेही लिहिलं. कारण उचललेली नोंद आपल्यापुरती स्वतंत्र जगते. मी धारला बसून माझी नोंद कितीही पुसली, तरी डहीतली प्रत आपली चूक उराशी धरून राहते. चूक पोहोचवायला मला काही करावं लागलं नव्हतं. दुरुस्तीसाठी मात्र दाराशी जावं लागणार होतं. तो मजकूर समितीपुढे ठेवा, अशी विनंती मी प्राचार्यांना वेगळी केली. त्यांचं उत्तर सभ्य होतं: निर्णय हो चुका है, अगले साल देखेंगे.

ग्रुपवर मात्र कुणीच काही बोललं नाही. सुप्रभातालाही उत्तर देणारी माणसं दिवसभर गप्प राहिली. संध्याकाळी डहीच्या ग्रंथपालाचा, बघेलचा, फोन आला. सरळ माणूस आहे.

“सर, मेरे यहाँ भी होंगी ऐसी किताबें. पण मला वाचता येत नाही ना. कोणाला पाठवता काय? वो देवासवाली मैडम आ जाएँ तो?”

मला एकदम हलकं वाटलं. हेच तर हवं होतं. डही, मग अमझेरा, मग बाकीची गावं. प्रत्येकाने थोडं मानधन दिलं तरी कुंदाताईंचं वर्ष निभेल, आणि पुस्तकंही आपल्या नावाने उभी राहतील. मी लगेच त्यांना फोन लावला आणि एका दमात सगळं सांगितलं. पलीकडे शिवणयंत्राचा आवाज चालू होता. तो थांबला.

“तुमचा तो लांब मजकूर वाचला मी,” त्या म्हणाल्या. “चांगला लिहिलाय.”

“मग डहीला कधी निघता?”

“नाही येत, सर.”

“भाड्याची सोय मी करतो. मानधनाचंही—”

“भाड्याचं नाही हो. मी आले तर तुम्हाला बरं वाटेल.” त्यांचा आवाज शांत होता, घरात कुणाला ताट वाढू का विचारावं तसा. “ते काम आता तुमचं. करा.” शिवणयंत्र पुन्हा सुरू झालं.

या वाक्यात राग असता तर मी तो सोसून मोकळा झालो असतो. क्षमा मागणाऱ्याला वाटत असतं, की समोरच्याने निदान आपल्याला काही करू द्यावं. आणि ते करू देणं हेही त्याने आपल्यासाठी केलेलं आणखी एक कामच असतं, हे आपल्या लक्षात येत नाही. कुंदाताईंनी माझी पुष्कळ कामं केली होती. हे एक नाकारलं.

रविवारी मी कुक्षीमार्गे डहीला गेलो. बघेलने खोली उघडून ठेवली होती, दोन खुर्च्या मांडल्या होत्या. तो कपाटातून पुस्तक काढून माझ्या हातात द्यायचा आणि विचारायचा, “ये क्या है, सर?” मी उघडून वाचायचो. पहिल्या पुस्तकाच्या आत कुणी ते मुलीला लग्नात भेट दिल्याचं लिहिलं होतं, शाई पुसट झाली होती. मी ते मोठ्याने वाचलं. बघेलला अर्थ कळला नाही, पण तो ऐकत राहिला. मग त्याने यंत्रावर यादी उघडली, खाली सरकवत नेली आणि बोट थांबवून माझ्याकडे पाहिलं.

“मराठी,” मी म्हणालो.