दुपट्याचा चौथा कोपरा

आमच्या कल्याणच्या घराच्या ओटीवर दुपारी बाया गोधड्या शिवायला बसतात. चिंध्या संपतात, किस्से संपत नाहीत! मी दोनच इयत्ता शिकलो, पण हे किस्से मला तोंडपाठ आहेत. माझी थोरली बहीण, आक्का, गेली त्याला दोन महिने झाले. बाळंतपणाला माहेरी आलेली, परत गेलीच नाही. तेव्हापासून गप्प बसलो की तीच आठवते. म्हणून बोलत सुटतो.

*

आधी काशीकाकू. शेजारच्या. उठताना सगळ्यांच्या सुया मोजून घेणार. एकदा एक सुई कमी भरली. गोधडीतच राहिली असणार! काकूंनी गोधडी अंथरली आणि काकांना हाक मारली.

"अहो, जरा इथं लोळा बघू."

काका बिचारे लोळले. "नाही टोचत."

"मग कुशीवर लोळा!"

लोळता लोळता काका तिथंच घोरायला लागले. सुई निघाली काकूंच्याच पदराला. पण माघार घेतील त्या काकू कसल्या!

"गोधडीवर झोप चांगली लागते, एवढं तरी कळलं!"

*

समोरच्या बनूवहिनी ठाण्याला एका मडमेकडून लोकरीचं विणकाम शिकून आलेल्या. नवरा आगगाडीच्या इंजिनात कोळसा टाकतो. दिवसभर भट्टीपुढे उभा! आणि त्याच्यासाठी काय विणलं? लोकरीचे मोजे!

पहिला मोजा चार महिन्यांनी पुरा झाला. दुसरा लवकर झाला, पण एवढा मोठा की त्यात दोन पाय मावतील.

"अगं, हा कुणाचा?" नवऱ्यानं विचारलं.

"तुमचाच. मोजा बरोबर आहे, पायच लहान आहे!"

*

आमच्याकडे गोधडीचा शेवटचा कोपरा बंद करताना आत भाकरीचा वाळका तुकडा घालतात. गोधडी उपाशी ठेवायची नाही. आणि हा घास, जिनं गोधडी शिवायला घेतली तिनंच घालायचा.

आक्कानं माझी गोधडी शिवली आणि नेमका घास विसरली! त्या थंडीत मी एका बैठकीला पाच-पाच भाकऱ्या खायचो. काकूंना तेवढंच पुरलं.

"गोधडी उपाशी, म्हणून पोरगा उपाशी!" येईल त्या बाईला हेच सांगायच्या.

आक्का रडकुंडीला आली. "पुढच्या वेळी विसरले तर नाव बदला माझं!"

*

पुढच्या वेळी तिनं शिवायला घेतलं ते होणाऱ्या बाळाचं दुपटं. तेव्हा तिला सातवा महिना होता. आईचं जुनं लुगडं, वर माझ्या फाटक्या सदऱ्याचे चौकोन. तीन कोपरे बंद झाले, चौथा उघडा राहिला, मधले टाकेही अर्धेच राहिले. सोनी झाली, आणि आठव्या दिवशी आक्का गेली.

भावोजी कळव्याच्या मिठागरात कामाला. परवा त्यांचा निरोप आला, शुक्रवारी सोनीला न्यायला येतो. दुपटं अर्धवट, म्हणजे रिवाजानं घराबाहेर द्यायचं नाही. पुरं करावं, तर घास घालणारी नाही. आईनं ते पेटीत ठेवलं.

"राहू दे," एवढंच म्हणाली.

माझं डोकं फिरलं. स्वतःच्या आईनं केलेलं एकही पांघरूण न घेता आक्काची पोर जाणार? पेटीतून दुपटं काढलं आणि थेट बाजारात शिंप्याकडे पळालो. त्याच्याकडे नवीन मशीन आलंय. मशीनला कुठला आलाय रिवाज!

"मामा, आत्ताच्या आत्ता बंद करून द्या."

त्यानं उघडा कोपरा चाचपला. "घास कुठाय?"

"नाही घातला."

त्यानं मशीनवरचा हात काढून घेतला. "मग घेऊन जा बाबा. घरी माझ्या म्हातारीला कळलं तर मला जेवायला वाढायची नाही!"

*

घरी आलो आणि स्वतःच सुई घेतली. मांडीवर दुपटं घेऊन ओळभर टाके घातले. उठलो, तर दुपटंही माझ्याबरोबर उठलं. धोतरालाच शिवलेलं!

आई हसली. दोन महिन्यांत पहिल्यांदा.

"सोड ते, बावळटा," म्हणाली, आणि माझे टाके उसवून स्वतः बसली. मग बनूवहिनी आल्या, काकू आल्या. गुरुवारी दुपारपर्यंत मधलं सगळं शिवून झालं. राहिला चौथा कोपरा. सगळ्यांनी सुया खाली ठेवल्या.

कोपऱ्याला कोपरा जुळतो का ते बघायला काकूंनी दुपटं दुमडलं. त्यांचा अंगठा एकदम थांबला.

"इथं कडक काय लागतंय गं?"

आईनं चाचपलं. भाकरीचा तुकडा! तोही आक्कानं बंद केलेल्या कोपऱ्यात! बनूवहिनींनी घाईघाईनं दुसरा कोपरा दाबला. तिथंही होता. तिसऱ्यातही!

काकू डोळे पुसत ओरडल्या, "अगं बाई, कार्टीनं तर पंगत वाढलीये!"

घास आक्काच्याच हातचा पडला होता! आता दुपटं सोनीबरोबर जाणार होतं. आईनं टोपलीतली कालची भाकरी माझ्यापुढे धरली.

"चौथा घास तू घाल."

मी तुकडा मोडला.

"एवढा?" काकू म्हणाल्या. "अरे, दुपट्याला जेवायचंय, तुला नाही!"